वर्षाला नऊ किलोमीटर

होन्शू हे जपानचं मुख्य बेट. तोक्यो, नागोया, ओसाका ही त्याची मोठी शहरं पॅसिफिकच्या बाजूला आहेत, आणि १९६४ मध्ये सुरू झालेली पहिली शिंकानसेनही त्याच बाजूने गेली. बेटाच्या पलीकडच्या अंगाला, जपान समुद्राकडे तोंड करून, होकुरिकू नावाची चिंचोळी किनारपट्टी आहे. तोयामा, कानाझावा, फुकुई ही तिथली शहरं. कानाझावाची वस्ती साडेचार लाखांच्या वर, तोयामाची चार लाखांच्या आसपास, फुकुईची अडीच लाखांहून थोडी जास्त. आपण त्यांना जिल्ह्याची गावं म्हणू. तोक्यो आणि ही गावं यांच्यामध्ये तीन हजार मीटरपर्यंत चढलेले डोंगर आहेत. हिवाळ्यात सायबेरियाकडून निघालेला कोरडा वारा समुद्रावरून येता येता बाष्प गोळा करतो, या डोंगरांना अडतो आणि सगळं बाष्प बर्फ होऊन किनाऱ्यावर उतरतं.

या गावांपर्यंत शिंकानसेन न्यायची, असं जपान सरकारने नोव्हेंबर १९७३ मध्ये ठरवलं. मार्गाचं नाव होकुरिकू शिंकानसेन. तोक्योच्या वायव्येला ताकासाकी इथून फाटा फोडायचा, नागानोवरून डोंगर ओलांडायचे, किनाऱ्याला लागायचं आणि पुढे थेट ओसाका गाठायचं, असा बेत. १९९७ मध्ये रूळ नागानोला पोचले, २०१५ मध्ये कानाझावाला आणि १६ मार्च २०२४ रोजी फुकुईच्या पुढे त्सुरुगाला. ताकासाकी ते त्सुरुगा हे अंतर सुमारे ४७० किलोमीटर आहे. बेत ठरला त्या वर्षापासून भागाकार केला तर वर्षाला नऊ किलोमीटर पडतात, म्हणजे दिवसाला पंचवीस मीटर. या मार्गावरची गाडी ताशी २६० किलोमीटरने धावते; पंचवीस मीटर ती सेकंदाच्या एक-तृतीयांशात मागे टाकते.

गाडीच्या वेगाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला भुरळ पडली आहे ती या दुसऱ्या वेगाची. एखादा देश पन्नास वर्षं, सरकारं बदलत असताना आणि तिजोरी कधी भरलेली, कधी रिकामी असताना, मध्यम आकाराच्या गावांसाठी डोंगर पोखरत राहतो, हे मला आजही पूर्ण पचनी पडलेलं नाही.

सुरुवातच अडखळत झाली. माणसं आणि कारखाने पॅसिफिक किनाऱ्यावर दाटले आहेत, त्यांना वेगवान रेल्वे आणि रस्त्यांनी देशभर पसरवायचं, हा विचार काकुएई तानाका यांनी १९७२ मध्ये पुस्तकरूपाने मांडला आणि त्याच वर्षी ते पंतप्रधान झाले. ते स्वतः निइगाताचे, म्हणजे त्याच बर्फाळ बाजूचे. होकुरिकूसह पाच मार्ग त्यांच्या कारकिर्दीत मंजूर झाले, आणि नेमके त्याच सुमारास जगभर तेलाचे भाव भडकले. राष्ट्रीय रेल्वे कर्जात बुडत चालली होती. १९८२ मध्ये सरकारने पाचही मार्ग थांबवले. १९८७ मध्ये रेल्वेचे तुकडे करून खासगीकरण झालं, स्थगिती उठली आणि १९८९ मध्ये ताकासाकी ते कारुइझावा या पट्ट्यावर पहिली कुदळ पडली. त्याच्या पुढे नागानोपर्यंत जुन्याच रुळांची रुंदी वाढवून कमी वेगाची गाडी चालवू, अशी काटकसरीची योजना होती. मग १९९८ चं हिवाळी ऑलिंपिक नागानोला मिळालं आणि पारडं पुऱ्या वेगाच्या मार्गाकडे झुकलं.

कारुइझावाच्या अलीकडे उसुई घाट लागतो. इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज या घाटात आहे.

१८९३ मध्ये या घाटातून पहिली रेल्वे गेली. चढ होता पंधरास एक: पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपला बोरघाट सदतिसास एक आहे, यावरून कल्पना यावी. एवढ्या चढावर लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी टाकली होती. इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकवून गाडी दाता-दाताने वर जायची. १९६३ मध्ये ही पट्टी निघाली, चढ मात्र तसाच राहिला. मग खास या घाटासाठी बांधलेली दोन जड विजेची इंजिनं पायथ्याच्या योकोकावा स्टेशनात प्रत्येक गाडीला जोडली जाऊ लागली. कर्जतला बँकर, म्हणजे घाटापुरतं जादा इंजिन, लागतो तसाच हा प्रकार. आणि बँकर लागेस्तोवर कर्जतच्या फलाटावर वडा खपतो, तसं योकोकावाच्या फलाटावरही एक खाणं खपायचं. १९५८ पासून तिथे मातीच्या छोट्या हंडीत भात मिळू लागला: वर कोंबडीचे तुकडे, शिताके अळंबी, बांबूचे कोंब, लावीचं अंडं, जर्दाळू. इंजिनं जोडून गाडी हलली की विक्रेते फलाटावर ओळीने उभे राहून कमरेतून वाकून तिला निरोप देत. रिकामी हंडी लोक घरी नेत.

वर चढायला १७ मिनिटं लागत आणि उतरायला २४. उतरताना जास्त, कारण घाटात अवजड गाडी वर ओढण्यापेक्षा तिला सावरून खाली आणणं अवघड असतं.

नव्या मार्गाने चढ निम्म्याहून कमी केला, साधारण तेहतिसास एक, आणि तो वीसेक किलोमीटरवर पसरवला. शिंकानसेनच्या हिशेबाने हाही चढ तिखटच आहे. तो पेलतो कारण या गाडीला पुढे ओढणारं एक इंजिन असा प्रकारच नाही. बारा डब्यांपैकी दहांच्या खाली मोटारी आहेत. गाडीचं बहुतेक सगळं वजन स्वतःच रूळ धरून चढतं. उतरताना त्याच मोटारी उलट काम करतात, चाकांकडून फिरवून घेऊन वीज तयार करतात आणि ती तारेत परत सोडतात. तरीही उताराला वेग ताशी २१० किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत.

१ ऑक्टोबर १९९७ रोजी शिंकानसेन सुरू झाली. आदल्या रात्री उसुई घाटातून शेवटची गाडी गेली आणि योकोकावा ते कारुइझावा हे अकरा किलोमीटर रेल्वेच्या नकाशावरून पुसले गेले. योकोकावाला आता रूळ संपतात. पुढे बस जाते. हंडीतला भात अजून मिळतो, महामार्गावरच्या दुकानांतही. तोक्यो ते नागानो हा सुमारे तीन तासांचा प्रवास दीड तासाच्या आत आला.

घाट ओलांडला की एक अदृश्य सीमा येते. जपानमध्ये विजेची वारंवारता एक नाही. पूर्वेकडे ५० हर्ट्झ, पश्चिमेकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोक्योच्या वीज कंपनीने जर्मन जनित्रं आणली आणि ओसाकाच्या कंपनीने अमेरिकन. तेव्हापासून देश विजेच्या बाबतीत दुभंगलेला आहे. ही सीमारेषा होकुरिकू मार्गाला एकदा नाही, तीनदा छेदते. कारुइझावाच्या पुढे ५० ची ६० होते, इतोइगावाच्या अलीकडे पुन्हा ५०, आणि ते स्टेशन मागे टाकलं की परत ६०. प्रवासी त्या क्षणी चहा पीत असतो. डोक्यावरच्या तारेचा एक तुकडा दोन्ही बाजूंपासून वेगळा ठेवलेला असतो. गाडी पुरती त्या तुकड्याखाली आली की जमिनीवरचे स्विच क्षणार्धात मागची वीज तोडून पुढची जोडतात. गाडीतली यंत्रणा नवी वारंवारता ओळखते आणि मोटारींना हवी तशी वीज करून देते. हे सगळं पूर्ण वेगात.

नागानोच्या पुढे खरा डोंगर आहे. या मार्गावर चार किलोमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण शक्यतो घ्यायचं नाही, असा दंडक आहे. चार किलोमीटर त्रिज्येचं वळण म्हणजे डोळ्याला जवळजवळ सरळ रेषाच. त्यामुळे डोंगराला वळसा घालणं हा पर्यायच उरत नाही, आणि नागानो ते कानाझावा या २२८ किलोमीटरमधलं निम्म्याला थोडं कमी अंतर बोगद्यांत गेलं आहे. त्यातला सर्वांत लांब ईयामा बोगदा २२ किलोमीटरचा. तिथली माती अशी, की पोखरलेली पोकळी ती चहूबाजूंनी दाबून बुजवायला बघते. २००३ मध्ये काम चालू असताना एका ठिकाणी बोगदा ढासळला. रोजचे पंचवीस मीटर ही सरासरी आहे. अशा जागी पुढे सरकणंच थांबतं.

बोगदा खणून झाला तरी त्याचा त्रास संपत नाही. इतक्या वेगाने गाडी बोगद्यात शिरली की पुढची हवा दबते. दाबाची ती लाट ध्वनीच्या वेगाने बोगद्यातून पळत सुटते, लांब बोगद्यात पळता पळता आणखी धारदार होते आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडताना तोफेसारखा आवाज करते. गाडी अजून कित्येक किलोमीटर आत असते, आणि पलीकडच्या गावातल्या खिडक्या थरथरतात. जुन्या मार्गावरची खडी या लाटेचा जोर थोडा शोषून घेते. काँक्रीटच्या लाद्यांवर बसवलेला नवा मार्ग घेत नाही. म्हणून गाडीचं नाक नऊ मीटरहून लांब निमुळतं केलं आहे आणि बोगद्याच्या तोंडावर फटी असलेली काँक्रीटची टोपी चढवली आहे. गाडी टोपीत शिरली की फटींतून थोडी थोडी हवा निसटते आणि दाब एकदम न चढता सावकाश चढतो. शिंकानसेनच्या फोटोंत ही टोपी अनेकदा दिसते, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बर्फाचीही सोय केलेली आहे. शेजारच्या जोएत्सू शिंकानसेनवर गरम केलेलं पाणी फवारून बर्फ वितळवतात. होकुरिकूवर बऱ्याच ठिकाणी उंच पुलांवरच रुळांच्या बाजूला मोकळी जागा सोडली आहे: गाडीने बर्फ ढकलावा आणि तो तिथे साठावा, किंवा बाजूच्या उघड्या भागातून खाली पडावा. निसर्गाशी झुंजण्यापेक्षा त्याला जागा करून देणारी ही रीत मला जास्त आवडते.

पण निसर्ग सांगितलेल्याच बाजूने येतो असं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस चक्रीवादळात चिकुमा नदीचा बांध फुटला आणि नागानोच्या यार्डात उभ्या असलेल्या दहा शिंकानसेन गाड्या, एकूण १२० डबे, खिडक्यांपर्यंत पाण्यात गेल्या. मार्गावरच्या एकंदर गाड्यांचा हा एक-तृतीयांश हिस्सा. मोटारी आणि विजेची सगळी यंत्रं डब्यांच्या खाली असल्यामुळे दहाच्या दहा भंगारात काढाव्या लागल्या. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. या मार्गावर भूकंपमापक पहिल्या, हलक्या पण वेगवान लाटा टिपतात आणि मोठा हादरा पोचण्याआधी तारेतली वीज तोडतात. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतात. त्या दिवशी गाड्या थांबल्या, कोणतीही रुळावरून घसरली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाहतूक सुरू झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर हीच पद्धत येते आहे: काँक्रीटच्या लाद्यांचा मार्ग, भूकंपाची आगाऊ सूचना, चार किलोमीटरच्या वर त्रिज्येची वळणं.

आता पैशाकडे वळू, कारण माझ्या मते या मार्गाची सर्वांत कल्पक रचना काँक्रीटची नसून हिशेबाची आहे. मार्ग बांधते एक सरकारी संस्था आणि मालकीही तिचीच राहते. जेआर ईस्ट आणि जेआर वेस्ट या दोन कंपन्या तो भाड्याने घेतात. जोएत्सुम्योको स्टेशनात एकीची हद्द संपून दुसरीची सुरू होते. भाडं कसं ठरवायचं? मार्ग बांधल्यावर कंपनीला तीस वर्षांत जो नफा होईल असा अंदाज आहे, त्यातून मार्ग न बांधता झाला असता तो नफा वजा करायचा. उरलेली रक्कम म्हणजे या मार्गाने कंपनीला दिलेला निव्वळ लाभ, तेवढंच भाडं. त्यामुळे अंदाज बरोबर ठरला तर कंपनीला तोटा होत नाही आणि आयता नफाही तिच्या खिशात जात नाही. बांधकामाचा बाकीचा खर्च दोन-तृतीयांश केंद्र सरकार उचलतं आणि एक-तृतीयांश ज्या प्रांतातून मार्ग जातो तो प्रांत.

याला जोडून १९९० मध्ये एक कठोर अट आली. शिंकानसेन सुरू झाली की तिला समांतर असलेली जुनी रेल्वे सोडून देण्याची कंपनीला मुभा असते. लांबच्या प्रवाशांचं उत्पन्न नव्या गाडीकडे गेल्यावर जुन्या मार्गावर शाळेची मुलं, म्हातारी माणसं आणि मालगाड्या एवढंच उरतं. ते चालवायचं कुणी? प्रांत आणि गावांनी मिळून कंपन्या काढल्या. नागानोत शिनानो रेल्वे, मग निइगाता, तोयामा आणि इशिकावा प्रांतांतल्या तीन, आणि २०२४ मध्ये फुकुईत हापीलाइन. रूळ तेच, डबेही बरेचसे तेच, पण पूर्वी एका तिकिटात होणाऱ्या प्रवासात आता तीन-चार कंपन्यांच्या हद्दी येतात आणि भाडी चढली आहेत. तोक्यो जवळ आलं. शेजारचं गाव थोडं महाग झालं. प्रांतांना हे आधीच ठाऊक होतं आणि त्यांनी लेखी होकार देऊन मार्ग मागून घेतला, हे मला विशेष वाटतं.

कोमोरोचं उदाहरण पाहा. किल्ल्याचं जुनं गाव. तोक्योच्या जलद गाड्या तिथे थांबत. शिंकानसेन कोमोरोला टाळून काही किलोमीटरवरच्या भातशेतांतून गेली आणि तिथे साकुदाइरा नावाचं नवं स्टेशन झालं. त्या स्टेशनात एक गंमत आहे: शिंकानसेन जमिनीवरून जाते आणि कोउमी मार्गाची दोन-तीन डब्यांची साधी गाडी तिच्या डोक्यावरच्या पुलावरून. इतर बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं. साकुदाइराभोवती दुकानं, हॉटेलं, घरं उभी राहिली. कोमोरोतून जाणाऱ्या जलद गाड्या एका रात्रीत बंद झाल्या. आपल्याकडे वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघालेला मार्ग ठाणे, विरार, बोईसर करत गुजरातेत जाणार आहे. स्टेशन कुठे झालं, यापेक्षा ते कुठून किती दूर झालं यावर या पट्ट्यातल्या गावांचं भवितव्य अधिक ठरेल, असं कोमोरो पाहून वाटतं.

मार्च २०१५ मध्ये रूळ कानाझावाला पोचले. तोक्योहून आधी गाडी बदलून सुमारे पावणेचार तास लागत. ते अडीच तासांच्या आत आले. पहिल्याच वर्षी या वाटेने जाणाऱ्यांची संख्या आधीच्या जवळजवळ तिप्पट झाली. कानाझावाचा ओमिचो मासळीबाजार पाहुण्यांनी इतका भरून गेला की तिथे रोज मासळी घेणारे गावकरी कुरकुरू लागले. तोयामा आणि कोमात्सु विमानतळांवरून तोक्योला जाणारी विमानं कमी झाली.

तोयामाने मात्र या संधीचं जे केलं ते मला कानाझावाच्या गर्दीपेक्षा मोठं वाटतं. शंभर वर्षं रेल्वेच्या रुळांनी त्या शहराचे दोन भाग केले होते, उत्तरेची ट्राम वेगळी आणि दक्षिणेची वेगळी. शिंकानसेनसाठी स्टेशन उंचावर गेलं, तशी खालची जागा मोकळी झाली. शहराने त्या मोकळ्या जागेतून ट्रामचे रूळ आरपार नेले आणि मार्च २०२० मध्ये दोन्ही भाग जोडले. शिंकानसेनमधून उतरलेला माणूस जिना उतरतो तो थेट ट्रामच्या थांब्यावर. वेगवान गाडीसाठी बांधलेल्या छताखालून शहराची सगळ्यात हळू गाडी जाते आणि तीच म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यापर्यंत पोचवते.

फुकुईची गोष्ट तर वेगळीच. कानाझावाच्या पुढच्या मार्गाला मंजुरी मिळाली जून २०१२ मध्ये. पण फुकुई स्टेशनाजवळचा शिंकानसेनचा आठशे मीटरचा उंच पूल फेब्रुवारी २००९ मध्येच बांधून तयार होता! शहरात स्टेशन परिसराची फेरबांधणी चालली होती, तेव्हाच तो उरकून घेतला. पुढे रूळ नाहीत, मागे रूळ नाहीत, पुढच्या-मागच्या मार्गाला मंजुरीही नाही; शहराच्या मधोमध हवेत आठशे मीटर काँक्रीट. मग २०१५ मध्ये एचिझेन रेल्वे या छोट्या स्थानिक कंपनीला आपले रूळ उंचावर न्यायचे होते आणि काम होईपर्यंत गाड्यांना जागा हवी होती. तिने तात्पुरते रूळ या पुलावर टाकले. जवळजवळ तीन वर्षं, जून २०१८ पर्यंत, ताशी २६० किलोमीटरसाठी बांधलेल्या पुलावरून कात्सुयामाच्या डायनासोर संग्रहालयाकडे जाणारी एक-दोन डब्यांची गाडी धावत होती. जवळच कुझुर्यू नदीवर शिंकानसेन आणि मोटाररस्ता यांनी एकाच खांबांवर पूल बांधला. शिंकानसेनच्या बाबतीत जपानमधला हा पहिलाच.

या टप्प्यात कागा बोगद्यात तळ उचलला जाऊन भेगा पडल्या, त्सुरुगाचं स्टेशन रेंगाळलं, आणि उद्घाटन एक वर्ष पुढे गेलं. त्सुरुगाजवळ नाकाइकेमी नावाची पाणथळ जागा आहे. ती रामसर यादीत गेल्यावर तिच्यापासून दूर राहावं म्हणून आखलेली रेघ बदलली. कानाझावा ते त्सुरुगा या १२५ किलोमीटरला सुमारे १.७ लाख कोटी येन लागले.

आज मार्गाचं टोक त्सुरुगाला आहे, आणि टोक असणं हे कुठल्याही गावाला सोपं नसतं. शिंकानसेनच्या रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, जुन्या रेल्वेची १०६७. ओसाकाहून येणारी जलद गाडी पूर्वी सरळ फुकुई, कानाझावाला जाई. आता त्सुरुगाला सगळ्यांना उतरावं लागतं. चालता चालता चाकांमधलं अंतर बदलणारी गाडी बनवायचा जपानने दोन दशकांहून अधिक काळ प्रयत्न केला. आसांची झीज आणि खर्च आवाक्यात आला नाही, आणि २०१८ मध्ये या मार्गासाठी तो नाद सोडला. म्हणून त्सुरुगाचं स्टेशन एका प्रचंड इमारतीसारखं बांधलं: वरच्या मजल्यावर शिंकानसेन, खाली जुनी जलद गाडी, मध्ये जिने, आणि बदलायला आठ मिनिटं. ओसाका-कानाझावा प्रवासात नव्या मार्गामुळे वीसेक मिनिटं वाचतात. ओसाका-फुकुई प्रवासात वाचतात तीन. तीन मिनिटांसाठी सामान घेऊन मजले चढायचे आणि जास्त भाडंही द्यायचं, असं फुकुईकर म्हणतात ते खोटं नाही. तोक्यो मात्र त्यांच्यापासून तीन तासांच्या आत आलं, तेही बिनबदलीचं.

पण हा व्यवहार सगळ्यांना पटतोच असं नाही. क्यूशू बेटावर नागासाकीचा मार्ग २०२२ मध्ये ६६ किलोमीटर बांधून झाला, पण मधल्या सागा प्रांताने पुढच्या तुकड्याला होकार दिलेला नाही. फुकुओका शहर त्यांना जुन्या गाडीने चाळीसेक मिनिटांवर आहे; थोडक्या वेळासाठी एवढा पैसा घालायचा आणि जुनी रेल्वेही गमवायची, हा सौदा त्यांना नको आहे. त्यामुळे तो मार्ग बाकी जाळ्यापासून तुटलेला, एकटाच धावतो.

होकुरिकूचा उरलेला तुकडा त्सुरुगा ते ओसाका, सुमारे १४० किलोमीटर. ठरलेली वाट ओबामा गावावरून क्योतोला जाते. ओबामाची वस्ती तीस हजारांच्या आत आहे. जुन्या काळी याच किनाऱ्यावरचा मीठ लावलेला बांगडा डोंगरवाटेने क्योतोला जायचा. १९७३ च्या सरकारी कागदात या गावाचं नाव आहे. पुढे क्योतो शहराच्या खाली खोलवर बोगदा खणायचा आहे, आणि तिथे भूजल आहे. तिथल्या फुशिमी भागातले साके ही तांदळाची दारू करणारे, तोफू आणि युबा (सोयाबीनच्या दुधाची साय) बनवणारे, चहाच्या परंपरा सांभाळणारे, सगळे त्या पाण्यावर जगतात. बोगद्याने झऱ्यांची वाट बदलली तर काय, असं फुशिमीच्या साके-उत्पादकांनी जाहीरपणे विचारलं आहे. खणलेली माती कुठे टाकायची, हाही प्रश्न आहे. २०१६ मध्ये या तुकड्याचा खर्च २.१ लाख कोटी येन धरला होता. २०२४ मध्ये मांडलेल्या तीन पर्यायांत तो ३.४ ते ३.९ लाख कोटी झाला आणि कामाची मुदत २० ते २८ वर्षं. मायबारा गावाकडून जवळच्या वाटेने न्या, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत.

अशा मार्गाचं काम सुरू करायला सरकारच्या पाच अटी आहेत: पैशाची पक्की सोय, मार्गाला तोटा नको, खर्चापेक्षा लोकांचा फायदा जास्त, चालवणाऱ्या कंपनीची संमती, आणि जुनी रेल्वे सोडायला गावांची संमती. भूजल या पाचांत कुठेच येत नाही, ते पर्यावरणाच्या वेगळ्या तपासणीत येतं. मला वाटतं ते सहावी अट म्हणून याच यादीत लिहायला हवं, आणि फुशिमीच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी पुरी होईपर्यंत क्योतोखाली यंत्र उतरवू नये, मग त्यात आणखी दहा वर्षं गेली तरी चालेल.